शकू गप्प झाली तेव्हा

आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे होतं. आई कामापुरतं बोलायची, आबा म्हणजे माझे आजोबा खोकण्यापुरते, आणि अण्णा फौजेतून वर्षाकाठी दोन महिने रजेवर यायचे तेव्हा नुसते ऐकत बसायचे. उरलेली सगळी जागा मी भरून काढायची. "हिच्या तोंडाला कुलूप घाला रं कुनीतरी," असं आत्ती दिवसातून चारदा म्हणायची. आत्ती म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिली होती आणि सगळ्या घराचा कारभार तिच्या कमरेच्या किल्ल्यांत होता. माझी धाकटी बहीण शकू सात वर्षांची, माझं शेपूट. मी तेव्हा आठवीत. मी सांगेन ते शकूला ब्रह्मवाक्य; आक्का म्हणाली की विषय संपला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या तोंडाचा वाटा होता आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

उंब्रजपासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव. त्या हिवाळ्यात लढाई लागली होती आणि आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. पण ऊस काही लढाईसाठी थांबत नाही. गुऱ्हाळं पेटली होती, इंजिनाची फटफट दिवसभर चालायची, चुलवाणात चिपाडं सारून सारून गड्यांचे चेहरे काळे पडायचे आणि उकळत्या रसाचा वास कपड्यांत, केसांत, शाळेच्या पाटीतसुद्धा शिरायचा. सकाळ-संध्याकाळ आबा मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन ओसरीवर बसत. बातम्या सुरू झाल्या की आई भाकरी थापायची थांबायची. हात तसाच परातीत, पिठात. बातम्या संपल्या की पुन्हा थाप थाप सुरू. त्या थापेच्या आवाजावरून मला कळायचं की आज आमच्या अण्णांच्या पलटणीकडचं काही सांगितलेलं नाही. आम्ही पोरी काकवी-भाकरी खात खात हे सगळं बघायचो. गोड घासाबरोबर भीती गिळायची सवय मला तेव्हाच लागली.

तारेचं आमच्याकडं काय होतं ते सांगते. लग्नाच्या, बारशाच्या तारा शहरातल्या लोकांना येत असतील. आमच्या गावात तार म्हणजे माणूस गेल्याची. तारवाला सायकलवरून वेशीत शिरला की बायका दारं ओढून घ्यायच्या. आणि आलेली तार कुणी फोडायची नाही, ती तुळशीपाशी ठेवायची. आळीतल्या बायका जमायच्या, रडारड सुरू व्हायची, बांगड्या फुटायच्या, आणि या सगळ्यानंतर शाळेतले गुरुजी येऊन ती इंग्रजी तार फोडून वाचायचे. त्या लढाईत पहिली तार आली ती शेजारच्या पारूकाकूंच्या घरी. सकाळी काकू आमच्याकडं विरजण मागायला आल्या होत्या, कशावरून तरी खळखळून हसल्या होत्या. दुपारी त्यांच्या दारात काचांचा सडा पडला.

दुसऱ्या दिवशी मी आणि शकू ओढ्यावर भांडी घासत होतो. राखेनं बोटं भेगाळलेली, पाणी बर्फ. शकूनं विचारलं, "आक्का, काकूचं मालक कवा मेलं?"

"काल."

"काल सकाळच्याला तर काकू हसत हुती. मग तार आल्यावर मेलं व्हय?"

माझ्याजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असायची. मी म्हटलं, "तार आल्यावर न्हाई. गुरुजींनी फोडली तवा मेलं. तार फोडली की मानूस मरतं." आणि पातेलं उपडं करून पुढच्या भांड्याकडं वळले. खरं सांगू का? ते वाक्य मला फार आवडलं होतं. काहीतरी मोठ्या माणसांसारखं बोलल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. आम्ही सगळे गुऱ्हाळावर होतो. शकूला जरा कणकण होती म्हणून ती घरी. संध्याकाळी आलो तर ही ओसरीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. काय झालं विचारलं तर बोलेना. आधी वाटलं रुसली असेल. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मारकी म्हैस अंगावर आली तरी ओरडेना, फक्त ओठ घट्ट मिटून घ्यायची. खायची, कामं करायची, मी हाक मारली की यायची. आवाज मात्र नाही. आईनं जवळ घेऊन विचारलं, आबांनी गुळाचा खडा दाखवून विचारलं, मी चिमटे काढले, गुदगुल्या केल्या, शेवटी एक थोबाडीतही दिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं पण हूं की चूं नाही. आत्तीनं लगेच निकाल दिला, "बाहेरचं हाय हे. तिनिसांजंचं पोरीला एकटं टाकलं न्हवं." मग लिंबं झाली, उतारे झाले, अंगारे झाले. शकू मुकाट्यानं कपाळ पुढं करायची.

तेवढ्यात लढाई संपली. गावानं गूळ वाटला. एकेका घरी पत्रं येऊ लागली, "मी खुशाल आहे" वगैरे, आणि ती पत्रं आळीभर वाचून दाखवली जायची. आमच्या घरी पत्र नाही. आई पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची. पोस्टमन वरच्या आळीला जायचा, खालच्या आळीला जायचा, आमच्या आळीच्या तोंडाशी आला की मान खाली घालून सायकल जोरात मारायचा. आईच्या हातात बांगड्या जरा वाजल्या तरी ती दुसऱ्या हातानं त्या गप्प करायची. एक घर, त्यात एक पोर मुकी आणि एका माणसाची खबर नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अण्णांची काही खबर आली का ते बघायला माझा मामा सांगलीहून आला. तो हळदीच्या पेठेत दिवाणजी होता. त्याच्या धोतराची कड कायम पिवळी असायची. शकूला बघून तो चरकलाच. "अक्के, आमच्याकडं एक लेकरांच्या डागतरीणबाई हायती. न्हेतो पोरीला," असं आईला म्हणाला आणि आम्हा दोघींना घेऊन एसटीत बसला. मला कशाला, तर शकू माझा परकर सोडायला तयार नव्हती म्हणून.

त्या डॉक्टरीणबाई मी जन्मात विसरणार नाही. पांढरं पातळ, करडे केस, तिरसट चेहरा. त्यांनी मामाला बाहेर काढलं. शकूच्या हातात स्वतःची बॅटरी दिली आणि म्हणाल्या, "आधी माझा घसा बघ. काही लाल दिसतंय का?" आणि आऽ करून बसल्या. शकूनं चांगला वेळ घेऊन त्यांचा घसा तपासला आणि मान हलवली. मग तिनं आपण होऊन स्वतःचं तोंड उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आता मीही लेकरांची डॉक्टर आहे, माझ्या दवाखान्यातल्या खणात आजही एक बॅटरी असते. येणाऱ्या पोराला मी आधी माझाच घसा दाखवते. कित्येकांनी मला औषधंही सांगितली आहेत.

"घसा स्वच्छ आहे," बाई मला म्हणाल्या. मी लहान आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं, इतक्या सरळ त्या बोलत होत्या. "ही काहीतरी धरून बसली आहे. हिला बोल, बोल म्हणू नका. तू फार बोलतेस का गं?" मी मान डोलावली. "मग आता आठ दिवस तू कमी बोल. हिच्याजवळ बस आणि दिवसभर ही काय काय करते ते नुसतं बघ."

औषध दिलं नाही म्हणून आत्ती भडकली. "एवढा येष्टीचा खटाटोप करून आलासा आनि हात हलवत?" नदीपलीकडच्या एका वाडीत एक म्हातारबा डाग द्यायचे. तापवलेल्या सळईनं दोन चटके, गळ्याच्या घाटीच्या दोन बाजूंना. की अडकलेला आवाज सुटतो. येत्या अमावास्येला न्यायचं ठरलं. आई तेवढ्यापुरती आबांसमोर उभी राहिली, पदर सावरून म्हणाली, "मामंजी, आवं, गळ्यावर नगं. पोरीची जात हाय." आबांनी सदरा वर करून पोटावरचे दोन जुने पांढरे व्रण दाखवले. "मला लहानपनी दिलं तवा मी वाचलो, पोरी. मी काय तिचा वैरी हाय का?" वैरी नव्हतेच ते. तेच तर अवघड असतं. माझ्याकडं पोरांना घेऊन येणाऱ्यांतही मला वैरी क्वचितच भेटले. जीव लावणारी माणसंच सळई तापवून बसलेली असतात.

अमावास्येला सहा दिवस होते. मी बघायला लागले. न बोलता बघणं म्हणजे काय शिक्षा होती मला! पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली. जेवताना शकू अर्धी भाकरी खायची आणि उरलेली अर्धी, काकवी लावलेली, परकराच्या ओच्यात घालायची. मग सगळे उठले की शिडीवरून माळ्यावर. आमच्या माळ्यावर शेंगांची पोती आणि जुनं सामान. चौथ्या दिवशी ती आईबरोबर ओढ्यावर गेलेली बघून मी वर चढले. पोत्यांच्या मागं अण्णांचा जुना खाकी स्वेटर घडी करून ठेवला होता, नीट, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसा. शेजारी ताटली, तिच्यात भाकरीचा चुरा आणि मुंग्या. मी स्वेटर उलगडला. आत मळकट गुलाबी कागदाची तार होती. न फोडलेली. वर आबांचं नाव.

ओढ्यावरचं ते वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू आलं, शब्द न् शब्द. म्हणजे तार आली तेव्हा ही घरी एकटी होती, आळीही सगळी गुऱ्हाळांवर गेलेली. तारवाल्यानं बापड्यानं आमच्या दारातला आकांत टाळायला सात वर्षांच्या पोरीच्या हातात ती कोंबली असणार आणि सायकल मारली असणार. आणि हिनं ती फोडली जाऊ नये म्हणून लपवली. फाडली नाही, जाळली नाही. ऊब दिली, जेवू घातलं. "या दोघींच्या तोंडात तीळ भिजंल तर शपथ," असं आमच्या घरात दोघींना कायम ऐकवायचे, म्हणून तिनं तोंडच बंद केलं. उघडलं तर पहिलं तेच बाहेर येणार होतं.

हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि आईला हाक मारायला मी तोंड उघडलं तर आवाज फुटेना. कारण तार काय सांगते ते मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक असायचं. खाली जाऊन ती दिली की आईच्या बांगड्या फुटणार. नाही दिली तर परवा शकूच्या गळ्यावर सळई टेकणार. मी तार पोलक्यात घातली, स्वेटर होता तसा घडी करून ठेवला आणि खाली आले. दोन दिवस मी काही बोलले नाही. "ही बी गेली वाटतं तिच्या वाटनं," आत्ती म्हणाली, आणि आबांना म्हणाली, "दोघींनाबी द्यायचं का बघा डाग."

अमावास्येला सकाळी गाडी जुंपली. आबा हाकायला, मागं आत्ती, आई, शकू आणि मी. आईनं शकूला मांडीवर घेतलं होतं आणि सगळी वाट तिच्या गळ्यावरनं हात फिरवत होती. तार माझ्या छातीला टोचत होती. नदी ओलांडेपर्यंत सांगते, चढ चढून जाईपर्यंत सांगते, त्या बाभळीपाशी सांगते, असं करता करता गाडी थांबली. म्हातारबा चांगले गोड बोलणारे होते. शेणी पेटवून त्यांनी सळई आत सारली आणि शकूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "भिऊ नगं, बाळ. मुंगी चावल्यागत वाटंल." आत्तीनं पाय धरले, आबांनी हात धरले, आईला डोकं धरायला सांगितलं. आईनं डोकं धरलं आणि डोळे मिटले. शकू रडली नाही, धडपडली नाही. तिनं फक्त ओठ आणखी घट्ट मिटले आणि हनुवटी वर केली. म्हातारबांनी सळई बाहेर काढली, तिचं टोक तांबडं झालं होतं.

तेव्हा माझ्या पोटातून आवाज निघाला. "थांबा!" मी पोलक्यातून तार काढली. तो गुलाबी कागद बघताच आईनं शकूचं डोकं सोडलं. आत्तीनं तिथंच ऊर बडवायला सुरुवात केली, "भावा रं, माज्या भावा!" कुणाला वाचायची गरज नव्हती. आई उठली, समोरच्या दगडाकडं गेली आणि खाली बसून तिनं बांगड्यांचा हात उचलला. मी बोट घालून तारेची कड फाडायला लागले.

"आक्का, उघडू नगंस!"

आवाज घोगरा, गंजल्यासारखा. शकू आबांच्या हातांतून सुटून माझ्या अंगावर आली, मनगट धरून लोंबकळली, नखं रुतवली. "उघडू नगंस! आण्णा मरत्याल! तूच म्हनली हुतीस, तार फोडली की मानूस मरतं! तूच म्हनलीस!"

आईचा हात दगडावर तसाच उगारलेला. मी शकूला एका हातानं ढकललं आणि दुसऱ्यानं तार उघडली. मला आठवीतलं इंग्रजी येत होतं, तेवढं पुरलं. राइट हँड हर्ट. आय ॲम वेल. लेटर लेट. मी एकेक शब्द मोठ्यानं वाचला आणि मग मराठीत सांगितलं, "उजव्या हाताला लागलंय. बरा हाय. पत्राला उशीर हुईल." मी पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून, "आई, आण्णा बरं हायती!"

आईनं हात हळूच खाली घेतला. दुसऱ्या हातानं बांगड्या चाचपल्या, सगळ्या आहेत ना ते. मग उठून माझ्याजवळ आली. "तुज्याजवळ कवापास्नं हाय ही?"

"परवापास्नं."

तिनं माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी भेलकांडले. आयुष्यात तिनं मला मारलेली ती एकच. आणि लगेच मला आणि शकूला एकत्र कवळून ती जी रडायला लागली ती थांबेना. ती थप्पड रास्त होती. ज्या बातमीसाठी ती रोज दारात उभी राहात होती, ती अठरा दिवस तिच्याच डोक्यावर माळ्यात होती, आणि त्यातले दोन दिवस मोठ्या पोरीच्या पोलक्यात. म्हातारबांनी सळई राखेत खुपसली आणि "आवाज तर सुटला की," एवढंच म्हणाले.

परतताना शकूनं अठरा दिवसांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, आण्णा हितं नव्हतंच, तर मग भाकरी कोन खात हुतं? रोज संपायची." आत्तीनं तोंड उघडलं, उंदीर म्हणणार होती ती, मला दिसलं. आईनं तिचा हात दाबला. मला तर उत्तरं द्यायची भीतीच बसली होती.

अण्णांना मी सगळं पत्रात लिहून कळवलं, भाकरीसुद्धा. ते शिमग्याच्या आधी आले. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, गाल बसले होते. शकू त्यांच्याजवळ जाईना. खांबाआडून बघत राहिली. अण्णा डाव्या हातानं चहा पीत होते, तेव्हा ती एक पाऊल पुढं आली.

"आण्णा, भाकरी पोचली का?"

चुलीपुढं आई थापायची थांबली. अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कपबशी खाली ठेवली आणि शकूकडं बघत म्हणाले, "पोचली की. रोज पोचायची. जरा वाळलेली असायची, पन लय गोड लागायची."

"काकवी लावायची मी."

"तरीच," अण्णा म्हणाले, आणि आत भाकरीची थाप पुन्हा सुरू झाली.